आनंद कारज : शब्दाच्या साक्षीने विवाह

१९४७ च्या फाळणीनंतर पंजाबातील असंख्य निर्वासित कुटुंबे दिल्लीत स्थिरावली आणि येथील मराठी बिऱ्हाडांना शीख शेजार लाभला. शेजारच्या लग्नास गेलेल्या मराठी पाहुण्यास तेथे ना अंतरपाट दिसतो, ना होम; मंगलाष्टकेही कानी पडत नाहीत. मग या विवाहाला साक्षी कोण?

साक्षी असतो गुरू ग्रंथसाहिब. वधूपिता वराच्या खांद्यावरील पल्ल्याचे टोक कन्येच्या हाती देतो. त्यानंतर चौथे गुरू रामदास (१५३४–१५८१, आपल्या समर्थांहून निराळे व त्यांच्या पूर्वीचे) यांनी रचलेल्या चार ‘लावां’ क्रमाने वाचल्या जातात. रागी तेच कडवे गाऊ लागले, की वधूवर ग्रंथाभोवती प्रदक्षिणा घालतात. पहिली लाव धर्माचरणाची व नामस्मरणाची, दुसरी सद्‌गुरूच्या भेटीची, तिसरी वैराग्याची व सत्संगाची, तर चौथी सहजावस्थेची. या काव्यातील वधू म्हणजे जीवात्मा आणि वर म्हणजे परमेश्वर. संसार हा परमार्थाच्या आड येत नाही, तो परमार्थाचाच मार्ग आहे, हा या चार फेऱ्यांचा आशय. तिसरे गुरू अमरदास यांची ‘आनंद’ ही रचना, अरदास व कडाह प्रसाद यांनी विधीची सांगता होते.

शीख आचारसंहितेस मुहूर्त, पत्रिका, सेहरा आणि हुंडा मान्य नाहीत. चुडा, जागो, मिलनी हे सोहळे पंजाबी लोकरीतीचे; पंजाबी हिंदूंच्या घरीही ते होतात.

ही साधी पद्धत सहजासहजी टिकली नाही. एकोणिसाव्या शतकात रावळपिंडीच्या बाबा दयाल यांनी तिचा आग्रह धरला. तथापि अग्निहोमाविना झालेला विवाह न्यायालयात वैध ठरेल काय, ही शंका उरली. संततीचा वारसाहक्क त्यावर अवलंबून होता. नाभ्याचे युवराज रिपुदमनसिंग यांनी मांडलेले विधेयक सुंदरसिंग मजिठिया यांनी पुढे नेले आणि १९०९ मध्ये ‘आनंद विवाह कायदा’ संमत झाला. त्यात नोंदणीची तरतूद मात्र नव्हती. त्यामुळे शीख दांपत्यांना पुढे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यान्वये नोंदणी करावी लागे. ही उणीव २०१२ च्या दुरुस्तीने दूर केली. दिल्लीचे नोंदणी नियम २०१८ मध्ये आले. विधीला मिळालेली मान्यता प्रमाणपत्रावर उतरण्यास शतकाहून अधिक काळ लागला.

मराठी माणसास या विधीत परके वाटण्याचे कारण नाही. पाचवे गुरू अर्जुनदेव यांनी १६०४ मध्ये सिद्ध केलेल्या ग्रंथात संत नामदेवांची ६१ पदे समाविष्ट आहेत. नामदेवांनी पंजाबातील घुमान येथे वास्तव्य केले. २०१५ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथेच भरले. नांदेड येथे १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग यांनी याच ग्रंथाकडे गुरुपद सोपविले. दिल्लीतील शीख वधूवर ज्या ग्रंथापुढे मस्तक टेकवितात, त्यात पंढरीच्या भक्ताचा शब्दही विराजमान आहे. शेजारच्या मांडवात बसलेल्या मराठी पाहुण्याने एवढे जाणले, तरी त्या चार प्रदक्षिणा त्याला आपल्याशा वाटतील.