अल्टो आणि आठशे: सीमाभागात छोटी गाडी घेताना, चालवताना आणि बदल करताना

बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड, डिचोली या पट्ट्यात घरातली पहिली चारचाकी म्हणून अजूनही मारुतीची छोटी गाडीच आधी डोळ्यांसमोर येते. नवी परवडली नाही तर जुनी. गाडी साधी असली तरी आपल्याकडे तिचा व्यवहार साधा नसतो. घर एका राज्यात, शेत दुसऱ्या राज्यात, पाहुणे तिसऱ्या राज्यात. त्यात गाडी कोल्हापूरहून घेतली तर एमएच पासिंग, मडगावहून आणली तर गोवा पासिंग. इंदूर, बडोदा, हैदराबादच्या मराठी घरांनाही गावाकडची गाडी तिकडे नेताना हेच प्रश्न पडतात. म्हणून ही सगळी माहिती एका ठिकाणी देत आहोत.

कोणती गाडी कोणती?

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये बाजारात आली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. १९८६ मध्ये तिचा साचा बदलला आणि आज रस्त्यावर दिसते ती ओळखीची ‘आठशे’ आली. जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं.

अल्टो २००० साली आली आणि पुढे बरीच वर्षे देशात सर्वांत जास्त खपणारी गाडी ठरली. २०१० मध्ये एक लिटर इंजिनची के-१० आली, ऑक्टोबर २०१२ मध्ये नव्या चेहऱ्याची अल्टो ८००. ही अल्टो ८०० मार्च २०२३ मध्ये बंद झाली. ऑगस्ट २०२२ पासूनची नवी के-१० आजही मिळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा कर सेससह २९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे नव्या आणि जुन्या गाडीतलं किमतीचं अंतर कमी झालं आहे. जुनी गाडी घेताना हे ध्यानात ठेवून भाव करा.

दोन इंजिनांत एक मोठा फरक आहे. ७९६ सीसीच्या इंजिनला टायमिंग बेल्ट असतो, के-१० च्या के-सिरीज इंजिनला चेन असते. बेल्ट साधारण ८० हजार ते १ लाख किलोमीटरला बदलावा लागतो. जुनी अल्टो घेताना ‘बेल्ट कधी बदलला?’ हा पहिला प्रश्न विचारा. बिल दाखवता आलं नाही तर बदललेला नाही असंच धरा आणि तेवढे पैसे भावातून कमी करा.

जुनी गाडी बघताना

आपल्या भागाचा खास धोका म्हणजे पुरातली गाडी. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव जिल्ह्यांत हजारो घरांत पाणी शिरलं, गाड्याही बुडाल्या. अशी गाडी धुऊन, सीट कव्हर घालून विकली जाते. ओळखायची तर सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला चिखलाचा डाग राहतो. सीटच्या रुळांवर गंज आहे का, डिक्कीत स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ आहे का, डॅशबोर्डखाली वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर आहे का, हे हात घालून पाहा. गाडी चकाचक आणि आत अत्तराचा वास जरा जास्तच असेल तर मिस्त्रीला सोबत न्या.

गोव्याच्या किनाऱ्यावर वापरलेल्या गाडीत पत्रा बघा. खाऱ्या हवेने दाराच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी आणि मॅटखालचा तळ आधी जातो. इंजिन दुरुस्त होतं, कुजलेला तळ मात्र वेल्डिंग करूनही पुन्हा उमलतो.

मार खाल्लेली गाडी ओळखायला बोनेटचे बोल्ट आणि दाराची बिजागरं बघा. रंग उडालेला असेल तर पाना लागलेला आहे.

सुरक्षेबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. २०१४ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत एअरबॅग नसलेल्या अल्टो ८०० ला प्रौढ प्रवाशांसाठी शून्य तारे मिळाले. २०२३ मध्ये के-१० ला प्रौढांसाठी दोन आणि मुलांसाठी शून्य तारे मिळाले. २०१९ पूर्वीच्या स्वस्त प्रकारांत एअरबॅग आणि एबीएस बहुधा नसतंच. परवडत असेल तर त्यानंतरची गाडी घ्या. आणि गाडी कुठलीही असो, मागच्या सीटवरसुद्धा बेल्ट लावा.

पासिंग: खरा गुंता इथेच

मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. शनिवार-रविवार गोव्याला जाऊन येणाऱ्याला किंवा कोल्हापुरातून रोज निपाणीला येणाऱ्याला हे लागू नाही. पण गाडी बेळगावातच राहते आणि नंबर एमएच ०९ आहे, असं असेल तर नियम लागू होतो. तपासणीत वाद टाळायचा तर टोलच्या पावत्या आणि सर्व्हिसची बिलं जपून ठेवा. गाडी कधी कुठे होती याचा तोच पुरावा.

नंबर बदलायचा क्रम असा:

१. थकलेली चलनं भरा. कर्ज असेल तर ते फेडून बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा उतरवा.
२. जुन्या आरटीओत फॉर्म २८ भरून ना हरकत दाखला मागा. चासी नंबरचा पेन्सिल छाप, चालू विमा, पीयूसी लागतं. कायद्याने ३० दिवसांत नकार कळवला नाही तर दाखला दिला असं मानलं जातं.
३. नव्या आरटीओत फॉर्म २७ द्या. मालकही बदलत असेल तर फॉर्म २९ आणि ३० सोबत.
४. गाडीच्या वयानुसार नव्या राज्याचा रोड टॅक्स भरा.
५. नवी आरसी आल्यावर जुन्या राज्याकडे उरलेल्या कराचा परतावा मागा. हा अर्ज बहुतेक लोक करतच नाहीत आणि हक्काचे पैसे सोडून देतात.
६. विमा कंपनीला नवा नंबर कळवा.

एजंटकडे काम दिलं तरी सरकारी पावत्या स्वतःकडे ठेवा.

नोकरीनिमित्त वारंवार बदली होणाऱ्यांसाठी २०२१ पासून बीएच मालिका आहे. केंद्र-राज्य सरकारी कर्मचारी, सैन्यदल आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी ती घेऊ शकतात.

कोऱ्या फॉर्मवर सही करू नका

आपल्याकडे सर्रास चालणारा प्रकार म्हणजे गाडी विकायची, फॉर्म २९-३० वर सह्या करून द्यायच्या आणि विसरून जायचं. घेणारा गाडी दुसऱ्याला विकतो, दुसरा तिसऱ्याला, आणि आरसीवर नाव तुमचंच राहतं. मग त्या गाडीने अपघात केला तर? सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार प्रकरणात स्पष्ट सांगितलं की नोंदीवर ज्याचं नाव आहे तोच कायद्याने मालक, गाडी मध्ये कितीही हात फिरली असली तरी. म्हणजे नुकसानभरपाईची नोटीस तुमच्या दारात येणार. त्यात विमा संपलेला असेल तर घर-शेत विकायची पाळी येऊ शकते.

कायद्यानुसार त्याच राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत, परराज्यात विकली तर ४५ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. घेणाऱ्याला ३० दिवस असतात. नाव बदलल्याशिवाय शेवटचे दहा-वीस हजार सोडायचे नाहीत हा घेणाऱ्याचा नियम असतो. विकणाऱ्यानेही तेवढंच कडक राहावं आणि ऑनलाइन नोंदीत नाव बदललेलं दिसेपर्यंत पाठपुरावा करावा.

१५ वर्षं झालेली खासगी गाडी आपल्याकडे आपोआप भंगारात जात नाही. तो कडक नियम दिल्ली परिसरातला. इथे फिटनेस तपासून पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. अर्ज मुदत संपण्याआधी ६० दिवसांत करता येतो. हलक्या मोटारीची नूतनीकरण फी ५ हजार रुपये आहे, २० वर्षांवरच्या गाडीला १० हजार. राज्याचा ग्रीन टॅक्स वेगळा.

घाटात आणि पावसात

चोर्ला, अनमोड, आंबोली, तिलारी. आपल्याला गोवा-कोकणात उतरायचं तर घाट चुकत नाही. अल्टो ८०० ची ताकद सुमारे ४८ अश्वशक्ती. चार माणसं, सामान आणि एसी चालू असेल तर चढाला ती दमते. चढ सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका, तीव्र वळणाला एसी बंद करा आणि हाफ क्लचवर गाडी धरून ठेवू नका. क्लच प्लेट तिथेच जळते.

उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून गाडी सोडणारे महाभाग अजून आहेत. इंजिन बंद झालं की ब्रेक बूस्टरची मदत दोन-तीन दाबांत संपते आणि पाय कितीही जोरात दाबला तरी गाडी लवकर थांबत नाही. सतत ब्रेक दाबून उतरलं तर ब्रेक तापून पकड सुटते. जळका वास आला तर बाजूला घेऊन पंधरा मिनिटं थांबा. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते, हा नियमच आहे.

पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल मारू नका. इंजिनमध्ये पाणी ओढलं गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढा आणि मिस्त्रीला बोलवा. जूनच्या आधी वायपरखालच्या जाळीतला पालापाचोळा काढा. ती तुंबली की पाणी आत पायांत उतरतं. टायरची खोबण १.६ मिलिमीटरपर्यंत आली असेल तर नवे टाका.

पेट्रोल, इथेनॉल आणि सीएनजी: हिशेब

गोव्यात पेट्रोल स्वस्त म्हणून खास टाकी भरायला जाणं परवडत नाही. अल्टो ८०० ची टाकी ३५ लिटरची. लिटरमागे ७ रुपये वाचले तरी २४५ रुपये. बेळगावहून येऊन-जाऊन शंभरावर किलोमीटर म्हणजे निदान ६ लिटर पेट्रोल, सहाशे रुपये. कामासाठी गेलात तर जरूर भरा, भरायला म्हणून जाऊ नका.

आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. आपल्याच साखर कारखान्यांच्या उसातून त्यातलं बरंच येतं. पण इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, म्हणून मिश्रणात ती ६-७ टक्के कमी पडते आणि मायलेज थोडं घसरतं. एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाडीत पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि जोड दर सर्व्हिसला तपासून घ्या. नळी चिरलेली किंवा फुगलेली दिसली की लगेच बदला.

सीएनजी किटचा हिशेब उदाहरणाने बघू. पेट्रोल १०३ रुपये आणि मायलेज १८ धरलं तर किलोमीटरला ५ रुपये ७२ पैसे. सीएनजी ८८ रुपये किलो आणि मायलेज २५ धरलं तर ३ रुपये ५२ पैसे. बचत २ रुपये २० पैसे. किट ५५ हजारांचं असेल तर ते २५ हजार किलोमीटरनंतर वसूल. महिन्याला १ हजार किलोमीटर फिरणाऱ्याला दोन वर्षं, ४०० किलोमीटर फिरणाऱ्याला पाच वर्षं. आपले आकडे घालून हेच गणित करा. अल्टो ८०० ची १७७ लिटरची डिक्की मात्र सिलिंडरनेच भरते. मंजुरी असलेलं किट, आरसीवर नोंद, विमा कंपनीला कळवणं आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची दाब चाचणी, यात सूट नाही. नोंद नसेल तर आग लागल्यावर विम्याचा दावा अडतो.

बदल: काय चालतं, काय नाही

कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावलं. बेकायदा बदलाला प्रत्येकी ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

*चालतं:* सीट कव्हर, मॅट, म्युझिक सिस्टिम, रिव्हर्स कॅमेरा, तळाला गंजरोधक कोटिंग. रंग पूर्ण बदलायचा तर आधी आरटीओची परवानगी.

*चालत नाही:* पुढचा लोखंडी बुल बार, फाटका आवाज करणारा सायलेन्सर, प्रेशर हॉर्न, काचेवर काळी फिल्म. बुल बारमुळे धडकेचा मार थेट चासीत जातो आणि एअरबॅग वेळेवर उघडेल याची खात्री राहत नाही.

*नंबर प्लेट:* मराठीत किंवा कन्नडमध्ये आकडे लिहिण्याची हौस दोन्हीकडे आहे. नियम दोघांनाही एकच, इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे. भाषेचं प्रेम प्लेटवर दाखवलं तर पावती फाटते.

*टायर:* मूळ १४५/८० आर १२ टायरचा व्यास सुमारे ५३७ मिलिमीटर. १३ इंची रिमवर १५५/६५ आर १३ घातला तर तो ५३२ मिलिमीटर, म्हणजे एक टक्का कमी. इतका फरक स्पीडोमीटरला चालतो. तीन टक्क्यांपुढे जाऊ नका, आणि टायर वळताना आत घासत नाही ना हे पूर्ण स्टिअरिंग फिरवून बघा.

*दिवे:* मूळ बल्ब ६०/५५ वॅटचा. त्या जागी १००/९० चा टाकला की होल्डर वितळतो, वायर तापते. हॅलोजनच्या घरात एलईडी बसवला की प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो. धुक्यात आंबोलीला याचा काही उपयोग नाही. आधी पिवळी पडलेली काच पॉलिश करून दिव्यांचं सेटिंग करून घ्या. बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं.

सर्व्हिस १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी येईल तेव्हा. गाडी कमी फिरते म्हणून तेल बदलायचं टाळू नका. आणि गाडी विकलीत तर ती फाटकाबाहेर गेली म्हणून सुटलो असं समजू नका. आरसीवरून नाव उतरेपर्यंत ती तुमचीच आहे.