खाड्यापासून टीडीएसपर्यंत : पगारातल्या कात्रीचा इतिहास

या मालिकेत आपण राजे, लढाया, तह यांच्याबद्दल बरंच बोललो. आज बोलायचं आहे पगारचिठ्ठीबद्दल. बेंगळुरू, इंदूर, बडोदा, हैदराबाद, जिथे जिथे आपली मराठी मुलं-मुली पहिल्यांदा ‘कॉन्ट्रॅक्ट’वर कामाला लागतात, तिथे पहिल्या महिन्याच्या शेवटी एकच प्रश्न उभा राहतो. कागदावर ५०,००० लिहिलेत आणि बँकेत ४५,००० आलेत. मधले ५,००० कुणी घेतले?

या प्रश्नाचं उत्तर हिशेबनीस दोन वाक्यांत देईल. पण पैसे कापण्याची ही रीत आली कुठून, हे कळलं की कुठली कपात आपली, कुठली सरकारची आणि कुठली कुणाचीच नाही, हे ओळखता येतं. म्हणून थोडं मागे जाऊ.

मुंबईच्या गिरण्यांपासून सुरुवात करतो. गिरणीत तेव्हा एक शब्द प्रचलित होता, ‘डबल खाडा’. एक दिवस कामावर आला नाहीत तर दोन दिवसांचा पगार कापला जाई. विणकराच्या हातून कापड बिघडलं, डाग पडला, धागा तुटून जाळी झाली, की ते कापड त्याच्याच गळ्यात मारलं जाई आणि त्याची किंमत मजुरीतून वळती होई. मग त्या गड्याने ते कापड बाजारात मिळेल त्या भावाला विकायचं. उशीर, बेशिस्त, हलगर्जी यांचे दंड वेगळे. त्यात जॉबरची दस्तुरी. ती पगारचिठ्ठीवर कधीच दिसत नसे, पण जॉबर नाराज झाला तर काम जाई, म्हणून ती सगळ्यांत आधी चुकती व्हायची.

आणि हा कापलेला पगारसुद्धा वेळेवर मिळत नसे. महिना संपल्यावर दोन-दोन आठवडे मजुरी मालकाकडे पडून राही. तोवर वाण्याकडे उधारी, पठाणाकडे व्याज. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ च्या सप्टेंबरात मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. रविवारची सुट्टी ही त्यातली मागणी सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच यादीत आणखी एक मागणी होती, जिच्याबद्दल आपण फारसं बोलत नाही: मागच्या महिन्याची मजुरी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावी. पंधरा तारीख! पहिल्या तारखेची अपेक्षा करण्याइतकीही हिंमत त्या काळात नव्हती.

या मागणीला कायद्याचं रूप यायला अर्धं शतक लागलं. १९२९ मध्ये व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली शाही कामगार आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल १९३१ मध्ये आला आणि १९३६ मध्ये वेतन प्रदान अधिनियम झाला. या कायद्याने पहिल्यांदा उलटा नियम घातला. आधी मालक हवं ते कापत असे आणि कामगाराने तक्रार करायची. आता कायद्यात लिहिलेल्या कारणांखेरीज काहीही कापायचं नाही, असं ठरलं. गैरहजेरी जितकी, तितकीच कपात. डबल खाडा संपला. दंड रुपयामागे अर्धा आणा, त्याहून जास्त नाही. रुपयाचे सोळा आणे, म्हणजे हा बत्तिसावा हिस्सा झाला. पुढे दशमान पद्धतीत तोच ३ टक्के झाला. दंड करण्याआधी कामगाराचं म्हणणं ऐकायचं, वहीत नोंद करायची, आणि दंडाची रक्कम कामगारांच्याच हितासाठी खर्च करायची. हजारापेक्षा कमी माणसं असतील तिथे पगार सात तारखेच्या आत, जास्त असतील तर दहा.

कायदा चांगला होता, पण अगदी भोळाही नव्हता. दहा किंवा अधिक माणसं संगनमताने, सूचना न देता गैरहजर राहिली, तर आठ दिवसांपर्यंतची मजुरी कापायची सोय त्यात ठेवलेली होती. संपाची भीती कुणाला होती, हे एवढ्या एका वाक्यावरून समजतं.

ही झाली मालकाची कात्री. दुसरी कात्री सरकारची. १८५७ च्या उठावानंतर रिकामी झालेली तिजोरी भरायला जेम्स विल्सन इंग्लंडहून आले. ‘द इकॉनॉमिस्ट’ सुरू करणारे हेच विल्सन. त्यांनी १८६० मध्ये हिंदुस्थानात आयकर आणला, २४ जुलैपासून तो लागू झाला आणि ऑगस्टमध्ये कलकत्त्यात विल्सन वारले. कर मात्र लोकांच्या रोषात १८६५ पर्यंत कसाबसा टिकला. माणसाने स्वतःहून आपली कमाई सांगावी आणि नंतर खिशातून पैसे काढून द्यावेत, हे कुठल्याही काळात अवघडच.

१८८६ च्या आयकर कायद्याने यातली खरी मेख ओळखली. वर्षाला ५०० रुपये किंवा अधिक कमावणाऱ्यांवर कर, रुपयाला चार-पाच पै. पण सरकारी नोकराच्या बाबतीत तो पगार हातात पडण्याआधीच कापून घ्यायचा. कचेरीतल्या कारकुनाला कर ‘भरावा’ लागला नाही. तो त्याच्या हाताला लागलाच नाही. १९२२ च्या कायद्यात हीच पद्धत पगार देणाऱ्या प्रत्येकावर बंधनकारक झाली. आज ज्याला आपण टीडीएस म्हणतो, त्याचं मूळ या कारकुनाच्या पगारात आहे.

आता कंत्राटाकडे येऊ. इथे नवख्या माणसाचा सगळ्यात मोठा घोळ होतो, कारण ‘मी कॉन्ट्रॅक्टवर आहे’ या एका वाक्याचे दोन पूर्ण वेगळे अर्थ आहेत.

पहिला अर्थ: तुम्ही एका कंत्राटदाराच्या हजेरीपटावर आहात आणि काम दुसऱ्या कंपनीत करता. या माणसासाठी १९७० चा कंत्राटी कामगार अधिनियम आला. त्यातली एक तरतूद मला फार महत्त्वाची वाटते: कंत्राटदाराने मजुरी बुडवली, तर ती मूळ कंपनीने द्यायची आणि नंतर कंत्राटदाराकडून वसूल करायची. असा माणूस कायद्याच्या नजरेत कामगारच आहे. म्हणून त्याच्या चिठ्ठीवर भविष्य निर्वाह निधी दिसतो. हा कायदा १९५२ चा. सुरुवातीला कपात रुपयाला एक आणा, म्हणजे सव्वासहा टक्के होती. आता सर्वसाधारणपणे १२ टक्के आहे आणि मालकही तेवढेच घालतो. ईएसआयही दिसतो. ती योजना २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली. आज २१,००० पर्यंत पगार असलेल्याचे पाऊण टक्का कापले जातात, मालक सव्वातीन टक्के देतो.

पीएफबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. मालकाचा हिस्सा कामगाराच्या मजुरीतून कापायला योजनेतच मनाई आहे. हल्ली ‘सीटीसी’ नावाच्या आकड्यात तो हिस्सा आधीच मिसळून दाखवतात, त्यामुळे पगार फुगलेला दिसतो. पण ठरलेल्या मजुरीतूनच दोन्ही बाजूंचे २४ टक्के कापणारा कंत्राटदार सरळसरळ कायदा मोडतो. दुसरी गोष्ट, तुमचा हिस्सा कापून तो न भरणं हा नुसता दिवाणी वाद नाही. कायद्याने त्याला फौजदारीपात्र न्यासभंग धरलं आहे, कारण कापल्या क्षणी तो पैसा तुमचा आणि मालक फक्त त्याचा विश्वस्त. म्हणून पगारचिठ्ठीवरच्या आकड्यावर न थांबता पीएफचं पासबुक उघडून बघा.

दुसरा अर्थ: तुम्ही ‘सल्लागार’ किंवा ‘व्यावसायिक’ म्हणून करार केला आहे. पीएफ नाही, ईएसआय नाही, सात तारीख नाही. फक्त टीडीएस. आणि याचा इतिहास एका मराठी माणसाच्या दारातून जातो. १९७२ चा अर्थसंकल्प मांडणारे अर्थमंत्री होते यशवंतराव चव्हाण. त्या वर्षी १ एप्रिलपासून कलम १९४सी आलं. कंत्राटदाराला पैसे देताना २ टक्के, उपकंत्राटदाराला १ टक्का कापून सरकारात भरायचे. ठेकेदार मंडळी उत्पन्न दडवतात, ही तेव्हाची मोठी डोकेदुखी होती. तर मग पैसे देणाऱ्यालाच वसुलीला बसवा! गंमत अशी की चव्हाणांच्याच काळात, १९७४ मध्ये, पगारदारांना ‘प्रमाणित वजावट’ मिळाली. ती मध्ये काही वर्षं बंद होती, २०१८ मध्ये परत आली. पण ती फक्त पगारदाराला. कंत्राटी सल्लागाराला ती मिळत नाही.

पुढे १९९५ मध्ये, मनमोहन सिंग अर्थमंत्री असताना, १ जुलैपासून कलम १९४जे आलं. वकील, डॉक्टर, अभियंते, तांत्रिक सल्लागार यांच्या शुल्कातून कपात, सुरुवातीला ५ टक्के, २००७ पासून १० टक्के. सुरुवातीचे ५,००० गेले ते इथे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर अधिनियम लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण हिशेब-खात्यात अजून जुनेच क्रमांक तोंडी आहेत, म्हणून मीही तेच वापरतो.

हा टीडीएस म्हणजे तुमचा अंतिम कर नव्हे, उचल आहे. सरकारने तुमच्याकडून आगाऊ घेतलेली उचल. महिना ५०,००० म्हणजे वर्षाला ६ लाख, त्यातून ६०,००० कापले. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य. म्हणजे दुसरं उत्पन्न नसेल तर ते सगळे ६०,००० तुमचे. पण विवरणपत्र भरलं तरच परत येतात, आपोआप नाही. ‘माझं उत्पन्न करपात्र नाही, मग रिटर्न कशाला’ असं म्हणणारे तरुण आपले महिनाभराहून जास्त कमाईचे पैसे सरकारकडे ठेवून मोकळे होतात. अभियांत्रिकी, वास्तुकला, लेखापरीक्षण, माहिती तंत्रज्ञान अशा ठरावीक व्यवसायांना तर जमा रकमेच्या निम्मंच उत्पन्न दाखवायची सोय २०१६ पासून आहे, हिशेबाच्या वह्या न ठेवता. आणि पॅन दिला नाही तर १० ऐवजी २० टक्के कापले जातात, तेव्हा पहिल्या दिवशीच पॅन द्या.

कंपनीने कापले पण भरलेच नाहीत, तर? कलम २०५ म्हणतं की जो कर तुमच्याकडून कापला गेला, तो पुन्हा तुमच्याकडे मागता येत नाही. पण परतावा अडतोच, कारण २६एएस या विवरणात ती नोंद दिसत नाही. कंपनीला दर तिमाहीला विवरण द्यावं लागतं. तेव्हा दर तिमाहीनंतर २६एएस उघडा आणि फॉर्म १६ए मागून घ्या. वर्ष संपल्यावर, करार संपल्यावर, ओळखीचा माणूस नोकरी सोडून गेल्यावर हे मागणं किती कठीण असतं, ते मागणाऱ्यालाच माहीत.

चिठ्ठीवरची एक कपात राहिली, व्यवसाय कर. महाराष्ट्रात महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, कारण वर्षाची २,५०० ही मर्यादा राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ मध्येच आहे. १९८८ पूर्वी ती २५० होती. दिल्लीत, उत्तर प्रदेशात हा कर नाही, कर्नाटकात, मध्य प्रदेशात आहे. महाराष्ट्रात तो १९७५ मध्ये आला तो रोजगार हमी योजनेसाठी. दुष्काळाने होरपळलेल्या गावांत वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही योजना, आणि तिचा खर्च शहरातल्या पगारदाराने, व्यापाऱ्याने उचलायचा. बांधबंदिस्तीवर खडी फोडणाऱ्या बाईची मजुरी मुंबईच्या कारकुनाच्या दोन-चार रुपयांतून जात होती. माझ्या मते आपल्या पगारचिठ्ठीवरची ही सगळ्यात सुंदर कपात आहे, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी लोकांना माहिती आहे. सल्लागार म्हणून काम करणाऱ्याचा हा कर कुणी कापत नाही. नोंदणी करून त्याला स्वतःच भरावा लागतो.

उरली पगाराची तारीख. सल्लागाराला पगाराच्या तारखेचा नियम लागत नाही, त्यामुळे बिल देऊन साठ-साठ, नव्वद-नव्वद दिवस वाट बघणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी २००६ चा सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांचा कायदा आहे. एकटा सेवा देणारा माणूसही ‘उद्यम’ संकेतस्थळावर सूक्ष्म उद्योग म्हणून नाव नोंदवू शकतो, शुल्क लागत नाही. मग करारात काहीही लिहिलेलं असो, जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. मात्र नोंदणी काम सुरू करण्याआधी केलेली बरी, बिल थकल्यावर नव्हे.