तळटीप : ‘प्रत्याभरण’

* लेखकाने येथे ‘फीडबॅक’ हा शब्द ‘अभिप्राय’ या रोजच्या अर्थाने वापरलेला नाही, म्हणून ‘प्रत्याभरण’ हा पर्याय ठेवला आहे. झालेल्या कामाचा परिणाम मोजायचा, तो अपेक्षेशी ताडून पाहायचा आणि उरलेला फरक कमी होईल अशा बेताने पुढची कृती करायची, असे हे चक्र. जेम्स वॉटने १७८८ साली वाफेच्या इंजिनाला जोडलेला गव्हर्नर हे त्याचे ठळक उदाहरण. इंजिनाचा वेग वाढला की फिरणारे दोन जड गोळे बाहेर फेकले जातात, त्यांना जोडलेली दांडी वाफेची झडप आवळते आणि वेग उतरतो. वेग मंदावला की गोळे खाली येतात, झडप पुन्हा उघडते. मात्र दुरुस्ती उशिरा किंवा गरजेपेक्षा जास्त झाली, तर वेग हेलकावे खाऊ लागतो. हे हेलकावे केव्हा विरतात आणि केव्हा वाढतात, याचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ साली मांडले.

माणसाचा हातही याच चक्रावर चालतो. पाण्याचा पेला उचलताना डोळे आणि स्नायू मेंदूला हाताची खबर सतत देत असतात. लहान मेंदूला इजा झालेल्या रुग्णाचा हात मात्र पेल्याजवळ जाता जाता अधिकच थरथरतो. कधी अलीकडे राहतो, कधी पुढे जातो. हा कंप आणि यंत्राचे हेलकावे यांतले साम्य नॉर्बर्ट वीनरने ‘सायबरनेटिक्स’ (१९४८) या ग्रंथात दाखवले. पुढील विवेचन वाचताना ते ध्यानात ठेवावे. — संपा.