मालकी त्याची, ताबा आपला

तेल्हाऱ्यात खोली भाड्यानं घेऊन राहणाऱ्या बाया आता बऱ्याच आहेत. दवाखान्यातली सिस्टर, शाळेतली मॅडम, खेड्यावरून कॉलेजला आलेल्या मुली, लेकरं घेऊन एकटी राहणारी बाई. गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला की बोलणं खोलीवर येतं, अन् तक्रार भाड्याची कमी, मालकाच्या येण्याजाण्याची जास्त असते. तो दार ढकलून आत येतो, मीटर पाहतो, भिंतीला ओल आली का ते पाहतो. आपण कामावर असलो तर दुसऱ्या किल्लीनं कुलूप काढून फिरून जातो. एक जण तर अंघोळीला जाताना दाराला आतून लोखंडी पेटी लावते. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "घर माझं आहे, बाई."

घर त्याचं आहे, यात वाद नाही. पण भाडं देऊन आपल्याला नेमकं काय मिळतं, हा प्रश्न फार जुना आहे.

आपल्या आज्यांच्या काळी भाड्याचं घर म्हणजे वाड्यातलं बिऱ्हाड. अंगण एक, विहीर एक, अन् बिऱ्हाडकरूची बाई मालकिणीच्या नजरेखाली नांदायची. तेव्हा खासगीपणा कोणाला लागत नव्हता, असं काही जण सांगतात. आम्हाला ते पटत नाही. लागत नव्हता तर न्हाणीला आडोसा कशाला होता? सासरा, दीर आत येण्याआधी खाकरत का होते? ते खाकरणं म्हणजे आगाऊ सूचनाच होती की!

कायद्यानंही हे लवकर ओळखलं. इंग्रजांनी १८६० साली भारतीय दंड संहिता केली, तिच्या कलम ५०९ मध्ये बाईचा अपमान करण्याच्या हेतूनं तिच्या खासगीपणात शिरणं हा गुन्हा ठरवला. त्याच संहितेत घरात बेकायदा घुसण्याचा गुन्हा आहे, अन् त्यातला शब्द नीट ऐका. दुसऱ्याच्या 'मालकीच्या' जागेत असं तिथं म्हटलेलं नाही, दुसऱ्याच्या 'ताब्यातल्या' जागेत असं म्हटलं आहे. धमकवायला, अपमान करायला किंवा त्रास द्यायला कोणी आत शिरला तर ताबा कोणाचा हे पाहिलं जातं, अन् भाड्याच्या खोलीचा ताबा भाडेकरणीचा असतो. २०२४ च्या जुलैपासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तरी हा शब्द तसाच राहिला. आता ते कलम ३२९ आहे.

१८८८ साली अलाहाबादच्या उच्च न्यायालयात एक खटला गाजला. गोकल प्रसाद नावाच्या माणसानं नवं घर बांधलं. त्याच्या व्हरांड्यांतून अन् दारांतून शेजारच्या घरातल्या बायकांचा वावर दिसू लागला. रूढीनं चालत आलेला खासगीपणाचा हक्क असतो अन् तो मोडला तर दाद मागता येते, हे न्यायालयानं मान्य केलं. वाचायला बरं वाटतं, पण तो हक्क पडद्यातल्या बायकांचा, घराण्याच्या अब्रूचा होता. कामाला जाणाऱ्या, परक्याच्या खोलीत राहणाऱ्या बाईचा त्यात विचार नव्हता.

घरात न विचारता शिरलेलं माणसाला किती झोंबतं, ते पुण्यानं १८९७ साली दाखवलं. प्लेगचे रोगी शोधायला रँडसाहेबाच्या हुकमानं गोरे शिपाई घरोघर, थेट स्वयंपाकघरात अन् देवघरात शिरले. रोग खरा होता, तपासणीही लागत होती. पण लोकांचा संताप शिरण्याच्या रीतीवर होता, अन् त्या संतापातून काय झालं ते चापेकर बंधूंच्या इतिहासात आपण शाळेत शिकलो.

आता मालक-भाडेकरूंच्या कायद्याकडे येऊ. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात, कलम १०८ मध्ये, दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. भाडं वेळेवर देणाऱ्या भाडेकरूनं मुदतभर बिनाअडथळा राहावं. अन् मालकाला जागेची स्थिती पाहायला 'वाजवी वेळी' आत येऊ द्यावं. आधी कळवून यावं, असं मात्र त्यात लिहिलं नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर आपल्या वऱ्हाडात मध्यप्रांत-वऱ्हाडचा १९४९ चा घरभाडे नियंत्रण आदेश होता. मुंबईला १९४७ चा वेगळा कायदा, मराठवाड्याला हैदराबादचा १९५४ चा. महाराष्ट्र एक झाला तरी भाडेकरूंचे कायदे तीन राहिले. आपल्या आदेशात भाडं ठरवणं होतं, अन् नियंत्रकाच्या लेखी परवानगीशिवाय घर सोडण्याची नोटीस देता येत नव्हती. म्हाताऱ्या मालकांच्या तोंडी त्या 'कंट्रोल'चा राग अजून ऐकू येतो.

३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू झाला अन् तीन कायद्यांचा एक झाला. त्याचं कलम २८ अगदी छोटं आहे. मालकाला जागा पाहण्याचा हक्क आहे, पण वाजवी वेळी, अन् राहणाऱ्याला आधी सूचना देऊन. १८८२ च्या कायद्यात जे नव्हतं ते आलं. आपल्या दिरांचं खाकरणं कायद्यात यायला शंभरावर वर्षं गेली म्हणा ना! पुढचं कलम २९ सांगतं की योग्य कारणाशिवाय मालकानं पाणी, वीज तोडू नये. हा कायदा त्याच्या परिशिष्टात नोंदलेल्या शहरांना लागू होतो. बाकी खेड्यापाड्यांत १८८२ चाच चालतो, म्हणून आपली खोली कुठं आहे ते आधी पाहावं.

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. तो निकाल मोठा आहे, पण खोलीच्या दाराशी रोज कामी पडतं ते हे छोटं कलम.

आपल्या गटांतल्या काही जणी स्वतः मालकीणबाई आहेत, हेही बोललं पाहिजे. मागच्या अंगणात दोन खोल्या काढून पोरींना देतात. त्यांचीही काळजी खोटी नाही. नळ फुटला, वायर जळाली, तर भाडेकरीण येईस्तोवर वाट पाहायची का? नाही पाहायची. पण पोरींच्या पेट्या उघडून पाहणं, गादीखाली हात घालणं याला जागेची तपासणी म्हणत नाहीत.

सूचना किती तास आधी द्यायची ते कलम २८ मध्ये नाही, म्हणून ते करारात लिहून घ्यावं. एक दिवस आधी फोन, दिवसाउजेडी येणं, भाडेकरीण घरात असताना येणं, दुसरी किल्ली कोणाकडे अन् कशासाठी, एवढ्या चार ओळी पुरतात. करार लेखी करून दुय्यम निबंधकांकडे नोंदवण्याची जबाबदारी कलम ५५ नं मालकावर टाकली आहे. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरणीचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. हे मालकीणबाईंनी दोनदा ऐकावं. पुढच्या बैठकीला कराराचा कोरा नमुना घेऊन येऊ, दोन्ही बाजूच्या बायांनी सोबत बसून भरायचा.