आकाशवाणी आणि श्रोत्याचा प्रश्न



वृत्तपत्रे आणि समाज यांच्या संबंधाविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले गेले आहे. ‘दर्पण’पासून ‘केसरी’पर्यंतची परंपरा शाळकरी मुलालाही ठाऊक असते. रेडिओच्या वाट्याला मात्र इतका विचार आलेला नाही. पत्रकार किंवा इतिहासाचे अभ्यासक ध्वनिक्षेपकापुढे बसून समाजाविषयी संभाषण करतात, तेव्हा ऐकणारा माणूस त्या संभाषणात कोठे असतो, हा प्रश्न आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

वृत्तपत्र आणि रेडिओ यांच्या जन्मातच एक भेद आहे. आपली वृत्तपत्रे व्यक्तींनी काढली, आणि त्यांतील कित्येक सरकारशी झगडतच वाढली. रेडिओचे तसे झाले नाही. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी एका खासगी कंपनीने सुरू केले खरे. पण १९३० साली ती कंपनी बुडाली आणि कारभार सरकारकडे गेला. स्वातंत्र्यानंतरही तो तेथेच राहिला. १६ जुलै १९४८ रोजी नागपूर केंद्र सुरू झाले. त्या वेळी आपला बुलढाणा जिल्हा मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतात होता आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. म्हणजे राजधानीचा आवाज आणि राज्यकर्त्यांचा आवाज आपल्याकडे एकाच पेटीतून येऊ लागला.

अशा व्यवस्थेत श्रोत्याला काही सत्ताच नव्हती काय? होती, पण ती रेडिओची खुंटी फिरवण्यापुरतीच. डॉ. बा. वि. केसकर हे १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी खात्याचे मंत्री होते. शास्त्रीय संगीताविषयीच्या आस्थेपोटी त्यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीतांना जवळजवळ हद्दपार केले. लोकांनी मोर्चा काढला नाही, अर्जही केले नाहीत. त्यांनी सरळ रेडिओ सिलोन लावला. अखेर १९५७ च्या ऑक्टोबरात ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. श्रोत्याने दिलेले हे उत्तरच होय. परंतु ते मुक्याचे उत्तर होते. त्यातून नापसंती कळते, विचार कळत नाही.

बोलके उत्तर मिळवण्याचा प्रयत्न १९५६ साली पुणे केंद्राने केला. युनेस्कोच्या साहाय्याने मुंबई राज्याच्या पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे स्थापन झाली. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. एकूण वीस कार्यक्रम झाले. मंडळातील शेतकरी कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे धाडीत. त्या प्रश्नांना पुढे आकाशवाणीवरूनच उत्तरे मिळत.

टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूरॅथ यांनी या प्रयोगाची पाहणी केली. निष्कर्ष लक्षात ठेवण्याजोगा आहे. जेथे मंडळ होते तेथे लोकांच्या माहितीत मोठी भर पडली. जेथे नुसता रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तेथे फारसा फरक आढळला नाही. पेटी तीच, आवाजही तोच. अंतर पडले ते चार माणसांनी मिळून बोलण्यामुळे. नोव्हेंबर १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली. पण योजना सरकारी झाली की तिची मोजदाद मंडळांच्या संख्येने होऊ लागते, आणि प्रश्न विचारण्याची सवय संख्येत मावत नाही.

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला. १९९७ च्या नोव्हेंबरात आकाशवाणी ‘प्रसार भारती’ या स्वायत्त महामंडळाकडे आली. पुढे खासगी एफएम केंद्रेही निघाली, परंतु ती निघाली तेव्हा स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा त्यांना मिळाली नाही. मालकी जनतेची ठरली. बोलण्याचा अधिकार मात्र मोजून मापून वाटला गेला.

आज प्रत्येकाच्या खिशात आवाजाची पेटी आहे, आणि ती दिवसभर बोलत असते. म्हणून १९५६ चा धडा जुना झालेला नाही. ऐकलेले तपासून पाहावयाचे, शेजाऱ्याशी त्याविषयी बोलावयाचे आणि बोलणाऱ्याला उलट प्रश्न विचारावयाचा, या तीन गोष्टींनी श्रोत्याचा नागरिक होतो. खामगाव, मेहकर, चिखली, मलकापूर येथील सभागृहांत व्याख्यानानंतर प्रश्नांसाठी जो वेळ राखला जातो, तो शिष्टाचार म्हणून राखलेला नसतो. व्याख्यानाचा उत्तरार्ध तोच होय, आणि तो श्रोत्यांनी पुरा करावयाचा असतो.