कॉर्डलेस हत्यारांच्या बॅटरीवरून चार्जिंग

कॉर्डलेस ड्रिल, स्क्रूड्रायव्हर, ग्राइंडर यांसारख्या बिनतारी विद्युत हत्यारांची बॅटरी काढून, तिच्यावर बसणाऱ्या छोट्या अडॅप्टरद्वारे मोबाइल, टॅबलेट, रेडिओ किंवा लॅपटॉप चार्ज करण्याची पद्धत बांधकाम, वायरिंग व दुरुस्तीच्या कामांत वापरली जाते. या अडॅप्टरला यूएसबी अडॅप्टर किंवा पॉवर सोर्स असे म्हणतात. ज्या इमारतीत अद्याप वीजजोडणी झालेली नाही तेथेही कारागिराकडे दोन-तीन भरलेल्या बॅटऱ्या असतातच; त्यामुळे वेगळी पॉवर बँक बाळगण्याची गरज उरत नाही.

पार्श्वभूमी

ब्लॅक अँड डेकर या अमेरिकी कंपनीने १९६१ मध्ये बॅटरीवर चालणारे पहिले ड्रिल बाजारात आणले. त्यात निकेल-कॅडमियम सेल होते. हे सेल वजनदार असत आणि न वापरताही लवकर उतरत, त्यामुळे ऊर्जेचा साठा म्हणून त्यांचा उपयोग मर्यादित होता. २००३ मध्ये बॉशच्या इक्सो या लहान स्क्रूड्रायव्हरमध्ये लिथियम-आयन सेल आला. २००५ मध्ये मिलवॉकीची २८ व्होल्टची व मकिताची १८ व्होल्टची हत्यारे आल्यानंतर हे तंत्र मोठ्या हत्यारांतही रुळले. उत्तर अमेरिकेतील थंड प्रदेशांत कामगारांसाठी बॅटरीवर तापणारी जाकिटे निघाली. मिलवॉकीच्या १२ व्होल्टच्या जाकिटासाठी असलेल्या बॅटरी-धारकात यूएसबी खाचही होती, म्हणजे मोबाइल चार्जिंग येथे जाकिटाच्या सोबतीने आले. पुढे बहुतेक प्रमुख उत्पादकांनी केवळ चार्जिंगसाठीचे अडॅप्टर काढले.

रचना व कार्य

१८ व्होल्टच्या बॅटरीत प्रत्येकी ३.६ व्होल्टचे पाच सेल एकसर जोडणीत असतात. पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येक सेल सुमारे ४.२ व्होल्टपर्यंत पोहोचतो. म्हणूनच अमेरिकेत काही कंपन्या याच बॅटरीला '२० व्होल्ट मॅक्स' म्हणतात. बॅटरी तीच, फरक केवळ लेबलाचा.

यूएसबीचा मूळ विद्युतदाब ५ व्होल्ट आहे. बॅटरीचा दाब तेवढा कमी करण्यासाठी अडॅप्टरमध्ये 'बक कन्व्हर्टर' नावाचे मंडल असते. त्यातील इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतो आणि एक वेटोळे व धारित्र मिळून त्यातून स्थिर दाब तयार करतात. रोधकाप्रमाणे जादा ऊर्जा उष्णतेत घालवली जात नसल्याने या मंडलाची कार्यक्षमता चांगली असते. यूएसबी पॉवर डिलिव्हरी या प्रमाणकात मोबाइल किंवा लॅपटॉप ९, १५ अथवा २० व्होल्टची मागणी करू शकतो. २० व्होल्ट देण्यासाठी मात्र १८ व्होल्टच्या बॅटरीचा दाब वाढवावा लागतो, त्यामुळे अशा अडॅप्टरमध्ये दाब कमी व जास्त दोन्ही करणारे मंडल असते आणि त्याची किंमतही जास्त असते.

साध्या बक कन्व्हर्टरमधील स्विच बिघडून कायमचा जोडलेल्या स्थितीत राहिला, तर बॅटरीचा पूर्ण दाब थेट मोबाइलकडे जाऊ शकतो. चांगल्या अडॅप्टरमध्ये यासाठी अतिदाब-संरक्षण दिलेले असते.

किती वेळा चार्ज होईल?

येथे एक गैरसमज वारंवार आढळतो. मोबाइलच्या बॅटरीवर ५,००० मिलिअँपिअर-तास असे लिहिलेले असते आणि ड्रिलच्या बॅटरीवर ५ अँपिअर-तास. या दोन्ही संख्या एकच आहेत. त्यामुळे ड्रिलच्या बॅटरीवर मोबाइल एकदाच चार्ज होईल असे वाटते. परंतु अँपिअर-तास हे ऊर्जेचे माप नाही. ऊर्जा काढण्यासाठी त्याला व्होल्टने गुणावे लागते. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तासाच्या बॅटरीत ९० वॉट-तास ऊर्जा असते. मोबाइलची बॅटरी सुमारे ३.८५ व्होल्टची असल्याने तिच्यात जेमतेम १९ वॉट-तास मावतात. अडॅप्टरमधील व मोबाइलमधील घट धरली तरी एका बॅटरीवर मोबाइल साडेतीन ते चार वेळा भरतो. १०,००० मिलिअँपिअर-तासाच्या पॉवर बँकेत सुमारे ३७ वॉट-तास असतात, म्हणजे ड्रिलची ही बॅटरी तशा दोन पॉवर बँकांहून मोठी ठरते.

बॅटरी अति उतरण्याचा धोका

दाब कमी करणे हे अडॅप्टरचे सोपे काम आहे. वेळेवर थांबणे हे अवघड. लिथियम-आयन सेल साधारण २.५ व्होल्टच्या खाली नेऊ नये असा संकेत आहे. त्याहून फार खाली गेल्यास ऋणाग्राच्या आतील तांब्याचा पत्रा विरघळू लागतो आणि पुन्हा चार्ज करताना ते तांबे नको त्या ठिकाणी साचून आतल्या आत शॉर्टसर्किट होण्याची शक्यता निर्माण होते.

हा प्रवाह कोणी तोडायचा, याबाबत उत्पादकांची पद्धत एकसारखी नाही. काही बॅटऱ्या स्वतःच बंद होतात. काही मात्र जादा टोकावरून केवळ इशारा देतात आणि प्रवाह तोडण्याचे काम हत्यारावर सोपवतात. दुसऱ्या प्रकारच्या बॅटरीवर तो इशारा न वाचणारा स्वस्त अडॅप्टर लावला, तर बॅटरी शेवटपर्यंत उपसली जाते. मोबाइल जोडलेला नसतानाही हे घडते: अडॅप्टरचे मंडल व त्यावरील दिवा मिळून १० मिलिअँपिअर जरी घेत असले, तरी २ अँपिअर-तासाची भरलेली बॅटरी २०० तासांत, म्हणजे आठ-नऊ दिवसांत रिकामी होते. काम संपल्यावर अडॅप्टर बॅटरीवरून काढून ठेवणे हा यावरील साधा उपाय होय.

अति उतरलेली बॅटरी चार्जर स्वीकारत नाही. अशा वेळी भरलेल्या बॅटरीला तारांनी जोडून ती 'जागी' करण्याचा प्रकार काही ठिकाणी केला जातो. चार्जरचा नकार हीच येथे सुरक्षेची व्यवस्था असते आणि या युक्तीने नेमकी तीच टाळली जाते.

सुसंगतता

बॅटरीचे खोबण व टोके प्रत्येक कंपनीची वेगळी असल्याने एका कंपनीचा अडॅप्टर दुसरीच्या बॅटरीवर बसत नाही. मेटाबोच्या पुढाकाराने २०१८ मध्ये सुरू झालेली कॉर्डलेस अलायन्स सिस्टीम हा त्याला एक अपवाद आहे. काही नवीन अडॅप्टर उलट दिशेनेही काम करतात, म्हणजे लॅपटॉपच्या यूएसबी-सी चार्जरवरून हत्याराची बॅटरी भरता येते.

वाहतूक व विल्हेवाट

विमानप्रवासात सुट्या लिथियम बॅटऱ्या केवळ हातातील सामानात नेता येतात. १०० वॉट-तासांपर्यंत सहसा परवानगी लागत नाही, १०० ते १६० दरम्यान विमान कंपनीची संमती घ्यावी लागते. ५ अँपिअर-तासाची वर उल्लेखिलेली बॅटरी या मर्यादेत बसते. ६ अँपिअर-तासाची, १०८ वॉट-तासांमुळे, बसत नाही. बॅटरीची टोके उघडी असल्याने खिळे किंवा स्क्रू यांच्यासोबत ती एकाच पिशवीत टाकू नये. निकामी बॅटऱ्यांसाठी भारतात बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ लागू असून त्या गोळा करून पुनर्चक्रीकरणासाठी पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे.