नांगर न लागलेलं धिरडं

श्रावण सरत आला की भिलाईच्या बाजारात पसहर चाउर दिसतो. तळ्याकाठी, खड्ड्याडबक्यांत आपोआप उगवणारा हा तांदूळ रोजच्या तांदळापेक्षा बराच महाग असतो. कमरछठला लेकरांसाठी उपास धरणाऱ्या छत्तीसगढी बाया तोच खातात, कारण त्या दिवशी नांगरलेल्या जमिनीतलं काही चालत नाही. दूध-दहीसुद्धा म्हशीचंच. पुढे पंधरवड्यानं भिलाईतल्याच हुडको वसाहतीतल्या मराठी घरांत ऋषिपंचमी येते आणि तिथंही बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं. नांगरलेल्या शेतातल्या धान्याविना पोटभर, गरम आणि मनाला बरं वाटेल असं काही रांधायची आपली युक्ती या नेमांच्या आसपासच घडली असावी, असं मला वाटतं.

मराठी माणसाला हा मुलूख परका नव्हताच. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच प्रांतात होते आणि राजधानी नागपूर होती. 1955 च्या सोव्हिएत करारानंतर भिलाईत पोलाद कारखाना उभा राहू लागला, 1959 मध्ये पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशभरातून माणसं आली, तशी विदर्भातूनही आली.

विदर्भातून येणाऱ्यांना इथं ओळखीचं पीक भेटलं: शिंगाडा. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांत ढिवर लोक तो लावतात, छत्तीसगढच्या तळ्यांत ढीमर आणि केवट. पावसाळ्यात वेल पाण्यात लावायची आणि दिवाळीच्या आगेमागे कमरभर पाण्यात उतरून किंवा डोंग्यातून काटेरी फळं तोडायची. नांगराचा संबंधच नाही. आयुर्वेदाच्या जुन्या संहितांत तो शृंगाटक नावानं आहे. काश्मीरमध्ये वुलर सरोवराकाठची माणसं एके काळी वर्षातले कित्येक महिने त्याच्यावरच काढत.

उपासाच्या ताटातले बाकीचे मानकरी मानानं नवे. बटाटा, शेंगदाणा, मिरची, राजगिरा हे सगळे अमेरिका खंडातून आलेले. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तोही तिकडचाच, आणि सेलमला साबुदाण्याचा धंदा सुरू झाला तो 1943 च्या सुमाराला. भगर मात्र गवताच्याच कुळातली, म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं सरळ धान्य. शिंगाडा खरोखरच धान्य नाही. ते पाण्यातलं फळ आहे.

म्हणूनच त्याचं धिरडं जमवायला हात बसावा लागतो. गव्हाच्या कणकेला येतो तसा चिवटपणा या पिठाला येत नाही. नुसतं पाण्यात कालवून तव्यावर घातलं तर उलटताना तुकडे पडतात. उकडलेला बटाटा किसून घातला की ते धरून राहतं. त्यात दही, जिरं, ठेचलेली हिरवी मिरची, सैंधव आणि मूठभर दाण्याचा कूट. पीठ पाणी ओढून घेतं, म्हणून पाच मिनिटांनी पुन्हा चमचाभर पाणी घालावं लागतं. आच मंद ठेवायची, झाकण घालायचं, आणि कडा आपणहून सुटल्याशिवाय उलथनं लावायचं नाही. तांदळाच्या चिल्याची जाळी याला पडत नाही. रंगही काळपट तपकिरी येतो, पण कुरकुरीत कडेची चव दुसऱ्या कशाला नाही.

तिकडे पाश्चात्त्य वैद्यकाला धान्य सोडण्याचं महत्त्व फार उशिरा कळलं. न्यूयॉर्कचे सिडनी हास 1924 मध्ये सिलिअॅक या आतड्याच्या आजाराच्या मुलांना केळ्यांवर ठेवू लागले. गहू हाच अपराधी, हे डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी 1950 च्या प्रबंधात मांडलं. 1944-45 च्या हिवाळ्यात नेदरलंड्समध्ये उपासमार झाली, पाव मिळेना, तेव्हा आजारी मुलं सुधारली. पाव परतला तशी पुन्हा खालावली. आज पथ्यावरच्या मुलाला सगळ्यांसारखं काहीतरी तव्यावरचं खायचं असतं, आणि आईच्या हाताशी उपासाचा डबा असतोच. मला याचा फार आनंद वाटतो.

पण उपासाचा नेम आणि रोग्याचं पथ्य यांत एक फरक आहे आणि तो प्रत्येक घरानं जपायला हवा. गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ शिंगाडा दळला तर त्या पिठात गहू येतोच. उपासाला काही घरांत ते चालवून घेतील, सिलिअॅकच्या लेकराला अजिबात चालत नाही. हंगामात ताजे शिंगाडे घेऊन सोलावेत, फोडी कडकडीत उन्हात खडखडीत वाळवाव्यात आणि गव्हाचा स्पर्श नसलेल्या मिक्सरच्या भांड्यात घरीच दळून बारीक चाळणीनं चाळाव्यात. चाळणीही त्याच पिठाची वेगळी ठेवावी.